पन्नास दिवस कधीपासून धरायचे?

व्याज मोजण्यावर माझं घर चालतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मी बावीस वर्षं दिवाणजी आहे. सौदा झाला की पट्टी, म्हणजे मालाच्या हिशेबाचा कागद, करायची, हमाली-तोलाई वजा घालायची, कुणाची उचल किती, कुणाची मुदत कधी टळली आणि टळली तर शेकड्याला काय लावायचं, हे सगळं माझ्या हाताखालून जातं. शेठ कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत माझा आकडा तोंडी तयार असतो. अशा माणसाने क्रेडिट कार्डाच्या बिनव्याजी मुदतीत २,३४८ रुपये घालवले. कुणी चोरले नाहीत, फसवलं म्हणावं तर तसंही नाही. जो नियम मी रोज दुसऱ्याला ऐकवतो, तोच मला कार्डावर वाचता आला नाही.

कार्ड घेतलं २०२५ च्या फेब्रुवारीत. हळदीचा हंगाम नुकताच सुरू झालेला, यार्डात पाय ठेवायला जागा नाही, आणि कँटीनजवळ एक पोरगा छत्री-टेबल मांडून बसलेला. "काका, पन्नास दिवस बिनव्याजी. आज घ्या, पन्नास दिवसांनी द्या. पहिल्या वर्षी फी नाही." मी म्हटलं, व्याज नाही म्हणजे तुझ्या बँकेचं पोट कशावर चालतं रे? तो हसला आणि म्हणाला, "काका, वेळेवर न भरणाऱ्यांवर." खरं तर तिथंच त्याने सगळं सांगून टाकलं होतं. मी मात्र ते विनोदावारी नेलं. आपण कुठं वेळेवर न भरणारे!

दोन आठवड्यांनी पाकीट आलं. आत कार्ड, एक पानाचा तक्ता आणि बारीक अक्षरातल्या अटींची पुस्तिका. कार्ड खिशात गेलं. पाकीट मजबूत होतं म्हणून सौ.ने त्यात लाइटबिलं ठेवायला सुरुवात केली. ती पुस्तिका पुढचे सहा महिने लाइटबिलांच्या मागेच होती, हे नंतर कळलं.

जाहिरातीतला खरा शब्द होता "५० दिवसांपर्यंत". हा "पर्यंत" आम्हा यार्डवाल्यांना नवा नाही. पेपरात "हळदीला वीस हजारांपर्यंत दर" अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी शेतकरी गाडी भरून येतो आणि त्याच्या मालाला चौदा लागले की आमच्या अंगावर येतो. त्याला समजावून समजावून माझे केस पांढरे झालेत, की दादा, वीस एका लॉटला लागला, एक नंबरच्या राजापुरी हळदीला, बाकीच्यांना त्याखाली. आणि कार्डाचा "पर्यंत" मात्र मी चहाबरोबर गिळला.

पहिले पाच महिने काही झालं नाही. किराणा, गॅस, कधी औषधं. दर महिन्याच्या १२ तारखेला बिल लागायचं, पुढच्या महिन्याच्या १ किंवा २ तारखेची मुदत असायची आणि मी सगळी रक्कम भरून मोकळा व्हायचो. रक्कमच हजार-दोन हजारांची, ती कशाला मागे ठेवायची? त्यामुळे पन्नास दिवसांची माझी समजूत चुकीची आहे हे कळायला काही निमित्तच घडलं नाही. समजूत अशी होती की प्रत्येक खरेदीला तिचे स्वतःचे पन्नास दिवस मिळतात. आज गॅस घेतला, पन्नास दिवस. परवा औषध घेतलं, त्याला तिथून पन्नास दिवस. पेढीवर प्रत्येक सौद्याची मुदत वेगळी असते, तसंच हेही असणार.

जुलैत मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सुरू होणार होतं, लॅपटॉप हवा होता. पतसंस्थेतली माझी रिकरिंग ठेव २५ ऑगस्टला पुरी होत होती, पंचेचाळीस हजारांची. मी मनात गणित मांडलं: जुलैच्या १० तारखेला गुरुपौर्णिमा, दिवस चांगला, त्या दिवशी घेतला तर पन्नास दिवस म्हणजे २९ ऑगस्ट. २५ ला पैसे हातात, २९ च्या आत भरून टाकायचे. व्याज शून्य. दुकानदार म्हणाला होता, "सहा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय करून देऊ का? महिना सात हजार." मी ऐटीत नको म्हटलं. फुकटचे पन्नास दिवस असताना हप्त्याचं लोढणं कशाला? ४२,००० ला कार्ड घासलं. पोरगी खूश, मीही खूश. येताना भडंग आणि पेढे घेतले, ते मात्र रोखीने.

दोन दिवसांनी बिलाचा मेसेज आला. एकूण देणं ४६,०००: लॅपटॉपचे बेचाळीस आणि २० जूनच्या किराणा-गॅसचे चार. किमान देय रक्कम २,३००. मुदत १ ऑगस्ट.

हा मेसेज मी शांत डोक्याने वाचला होता, आणि तरीही चुकीचा वाचला. मला वाटलं, एकूण ४६,००० ही नुसती माहिती आहे, आजवर इतकं घेतलंत म्हणून. आता मागतायत ते २,३००. लॅपटॉपचे दिवस अजून चालूच आहेत. म्हणून १ ऑगस्टला मी किराण्याचे पूर्ण चार हजार भरले. मागितले तेवीसशे, दिले चार हजार. पेढीवर असं खातेदार वागलं तर आम्ही त्याला चहा पाजतो.

मधल्या दिवसांत कार्ड चालूच होतं. २५ जुलैला सौ.च्या औषधांचे ३,०००, ५ ऑगस्टला बहिणीला राखीपौर्णिमेच्या साडीचे १,५००.

१२ ऑगस्टला पुढचं बिल आलं: ४८,४६९.

माझ्या हिशेबाने यायला हवे होते ४६,५००. वरचे १,९६९ कसले? आधी वाटलं, कुणीतरी कार्ड वापरलं. पोरीला विचारलं, "काही मागवलंस का गं?" ती चिडली. मग तिनेच बिल मोबाइलवर उघडून शेवटच्या पानावर नेलं. तिथं दोन ओळी होत्या. वित्तीय आकार १,६६९. त्यावर जीएसटी ३००. "पप्पा, हे व्याज आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "शक्य नाही. पन्नास दिवस कुठं झालेत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शाखेत गेलो. तिथल्या साहेबांनी बिल हातातही घेतलं नाही. कार्डाचं सगळं वेगळ्या विभागाकडे असतं, कार्डामागच्या नंबरवर फोन करा, म्हणाले. मग गोडाऊनमध्ये, पोत्यांच्या थप्पीला टेकून, कानाला फोन लावून बसलो. बावीस मिनिटं संगीत ऐकलं. हमाल लोक जाता-येता बघत होते, दिवाणजी आज गाणी ऐकत बसलेत म्हणून.

अखेर एक मुलगी बोलायला आली, मराठी बोलणारी, आवाजाने समजूतदार. मी तारीखवार सगळं सांगितलं. तिने विचारलं, "सर, १ ऑगस्टला टोटल ड्यू भरला होता का?"

"चार हजार भरले की. मिनिममपेक्षा जास्त."

"सर, मिनिमम भरल्यामुळे लेट फी लागली नाही. पण बिनव्याजी मुदत टोटल भरली तरच मिळते."

"आणि लॅपटॉपचे पन्नास दिवस?"

"सर, पन्नास दिवस खरेदीला नसतात. तुमची खरेदी १० तारखेची, बिल १२ ला लागलं, बिलापासून २० दिवस. म्हणजे या खरेदीला २२ दिवस होते."

"बावीस?"

"हो सर. हीच खरेदी १३ तारखेला केली असती तर १२ ऑगस्टच्या बिलात आली असती, मुदत १ सप्टेंबर. पन्नास दिवस."

तीन दिवस. गुरुपौर्णिमेऐवजी तीन दिवस थांबलो असतो तर १ सप्टेंबरपर्यंत वेळ होता आणि २५ ला माझी रिकरिंग येतच होती. मुहूर्त साधला आणि मुदत चुकली.

मी गप्प झालो तर तीच म्हणाली, "सर, उरलेल्या रकमेचे ईएमआय करून देऊ का?" मी नको म्हणून फोन ठेवला. त्या क्षणी कुणी फुकट दिलं असतं तरी मी नको म्हटलं असतं.

मग जुन्या पट्टीची कोरी पाठ घेतली आणि तारखा मांडल्या. माझं डोकं कागदावरच चालतं. १३ जूनपासून १२ जुलैपर्यंत एक रेघ: या तीस दिवसांत जे काही घेतलं, त्या सगळ्याची गाडी एकच. १२ ला दार बंद. तिथून २० दिवसांनी, १ ऑगस्टला, सगळ्यांची मुदत एकदमच संपते. १३ जूनला गाडीत बसला त्याला एकोणपन्नास-पन्नास दिवस मिळाले. २० जूनच्या किराण्याला बेचाळीस मिळाले. १० जुलैला धावत येऊन चढलेल्या लॅपटॉपला बावीस. मिरज जंक्शनवरून सुटणाऱ्या गाडीसारखंच हे: तुम्ही फलाटावर तासभर आधी आलात की शेवटच्या मिनिटाला, गाडी तिच्या वेळेला सुटते.

एवढं कळल्यावर दुसरी गोष्ट बघायची होती. १,६६९ आले कुठून? दर बिलावर होता, महिना साडेतीन टक्के, वर्षाचे ४२. यार्डात शेकडा दोनच्या वर कुणी सांगितलं तर लोक त्याच्याकडे सावकार म्हणून बघतात. असो. ४२,००० वर १ ऑगस्टपासून १२ ऑगस्टपर्यंत अकरा दिवसांचं व्याज काढलं तर पाचशे बत्तीस होतात. मग तिप्पट कसं? अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी १० जुलैपासून धरून बघितलं. तेहतीस दिवस. १,५९५. जुळलं.

म्हणजे मुदत पाळली नाही तर व्याज मुदतीच्या दिवसापासून लागत नाही. खरेदीच्या दिवसापासून लागतं. ते बावीस दिवससुद्धा परत काढून घेतात.

आणि इथं माझी मलाच लाज वाटली, कारण आमच्या पेढीवर खरेदीदाराला उधारी देताना अगदी हाच करार असतो. वीस दिवसांत चुकता केलंस तर व्याज नाही, उलट रकमेत थोडा वटाव, म्हणजे सूट. एकविसावा दिवस उजाडला की व्याज सौद्याच्या तारखेपासून. कित्येक खरेदीदार माझ्यासमोर हुज्जत घालतात, "दिवाणजी, एकच दिवस उशीर झाला की वो, एकाच दिवसाचं लावा." मी त्यांना चष्म्यावरून बघत म्हणतो, "सूट मुदतीची होती. मुदत गेली, सूट गेली."

हिशेब अजून पुरा जुळत नव्हता. १,५९५ आणि १,६६९ यांत ७४ चा फरक. तो औषधांनी आणि साडीने भरून निघाला. ३,००० वर २५ जुलैपासून अठरा दिवस, ६२ रुपये. १,५०० वर ५ ऑगस्टपासून सात दिवस, १२ रुपये. ही खरेदी तर नवीन होती, तिची मुदत १ सप्टेंबरला होती, तरी तिलाही पहिल्या दिवसापासून व्याज! मागचं थोडं जरी बाकी राहिलं, तरी नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत उघडतच नाही. माझं कार्ड रूपेचं, यूपीआयला जोडलेलं. यार्डातल्या चहाचे वीस रुपये त्या दिवसांत त्यावरून दिले असते तर त्या चहालाही व्याज लागलं असतं.

भरलेल्या चार हजारांवर मात्र व्याज नव्हतं. तेवढं बरोबर होतं. उरलेल्या रकमेवरच व्याज घ्यायचं, असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय.

हे मला भाच्याने सांगितलं. तो मिरजेत वकिली करतो. रविवारी आला तेव्हा मी तोवर शोधून काढलेली पुस्तिका घेऊन बसलो होतो, लाइटबिलांच्या मागची. "मामा, हे बघा, यात उदाहरणसुद्धा दिलंय," तो म्हणाला. खरंच होतं. कुणीतरी अमुक तारखेला इतक्याची खरेदी केली, इतके भरले, मग खरेदीच्या तारखेपासून असं व्याज लागलं. जवळजवळ माझीच गोष्ट, फक्त आकडे वेगळे. मागच्या बिलातलं काहीही बाकी राहिलं तर बिनव्याजी मुदत जाते, हे ग्राहकाला खास समजावून सांगा आणि उदाहरणं द्या, असं २१ एप्रिल २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत सांगितलं होतं, आणि ते निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले. बँकेने उदाहरण दिलं होतं, आम्ही त्यावर महावितरणची बिलं ठेवली होती.

मी विचारलं, "अरे, पण बेचाळीस टक्के? याला काही कायदा?" तो म्हणाला, "मामा, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला." म्हणजे आता ज्याचा त्याचा दर. तक्रार करायची का, बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, असंही तो म्हणाला. मी म्हटलं, तक्रार कसली करू? आकडा पैशापर्यंत बरोबर आहे. मीच तपासलाय.

किमान देय रकमेबद्दल मात्र माझं म्हणणं आहे. सांगलीकराला पावसाळ्यात फुटांची भाषा कळते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पण सखल भागातल्या माणसाला विचारा, इशारा पातळी यायच्या आधीच त्याच्या दारात पाणी असतं. कार्डाची किमान रक्कम तशी आहे. ती भरली की बँक ओरडत नाही, उशिराची फी लागत नाही, पत खराब होत नाही, आणि आपल्याला वाटतं पाणी अजून लांब आहे. मी गंमत म्हणून काढून बघितलं: ४६,००० बाकी ठेवून दर महिन्याला पाच टक्केच भरत राहिलो, तर पहिल्या २,३०० मधले १,६१० व्याजात, २९० जीएसटीत, आणि मुद्दल फिटतं ४००. चारशे! घराच्या किंवा सोन्याच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो. अठरा टक्के.

आता पैसे भरायचे होते. रिकरिंग २५ ला. बाकीवर रोज ५३ रुपये चढत होते, जीएसटी धरून ६३. हे एकदा कळलं की झोप लागत नाही. रात्री लाइट बंद करताना मी म्हणायचो, "झाले आजचे त्रेसष्ट." सौ. म्हणाली, "अहो, शेठना मागा की. बावीस वर्षांत कधी उचल घेतलीय तुम्ही?" नव्हती घेतली. मागायला जीभ उचलत नव्हती. त्यात पंधरा ऑगस्ट आला, मग शनिवार-रविवार. सोमवारी, १८ ला, शेठना सांगितलं. त्यांनी कशाला म्हणूनही विचारलं नाही, लगेच खात्यावर पाठवले. त्याच दुपारी ४८,४६९ पुरते भरले आणि कार्ड सौ.च्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलं.

गणपती आले, गेले. १२ सप्टेंबरला मेसेज: ३७९ रुपये देणं.

कार्ड कपाटात, बिल पुरतं भरलेलं, मग हे काय? या वेळी फोन केला नाही. पट्टीची पाठ काढली. १२ ऑगस्टला बिल छापलं तेव्हा व्याज त्या दिवसापर्यंतचंच होतं. मी पैसे भरले १८ ला. मधले सहा दिवस ४६,५०० बाकी होतेच. ३२१ रुपये व्याज, ५८ जीएसटी. खाटिकाने मान उडवली तरी शेपूट हलतं, तसं. त्याच दिवशी ३७९ भरले. हे शेपूट ज्याला माहीत नाही तो "मी सगळं भरलंय, बँकेची चूक असेल" म्हणून ते सोडून देतो, आणि मागची बाकी राहिल्याने पुढच्या महिन्यात पुन्हा तेच चक्र. आमच्या शेजारच्या पेढीवरच्या कारकुनाचं असंच झालं होतं. पावणेदोनशे रुपयांसाठी तो चार महिने बँकेशी भांडत होता.

दिवाळीत मुलीने तिच्या लॅपटॉपवर एक तक्ता करून दाखवला. दुकानदाराचा तो नो कॉस्ट ईएमआय घेतला असता तर काय झालं असतं? तिने चौकशी करून सोळा टक्के दर धरला. त्यात असं करतात म्हणे: सहा महिन्यांचं व्याज होतं १,८९२, तेवढी सूट आधीच किमतीत देतात, बँक ४०,१०८ चं कर्ज धरते आणि हप्ते मिळून आपले बेचाळीसच जातात. पण बँक हप्त्यात व्याज दाखवते, म्हणून त्या व्याजावरचा जीएसटी आपल्या माथी, ३४१ रुपये. वर प्रोसेसिंग फी १९९ आणि तिचा जीएसटी. एकूण ५७६. "म्हणजे नो कॉस्टला ५७६ कॉस्ट," ती म्हणाली. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहून सांगितलंय. तरी ५७६ कुठं आणि माझे २,३४८ कुठं. तिने तक्त्याच्या खाली लाल अक्षरात फरक काढून ठेवला होता: १,७७२. पोरगी माझ्यावर गेलीय, एवढंच समाधान.

कार्ड मी मोडलं नाही. आधी राग होता, मग वाटलं, दोष सुरीचा नाही. दोन बदल केले. माझा पगार ७ तारखेला होतो आणि मुदत १ ला, हीही एक पंचाईत होती. बिलाची तारीख बदलून मागता येते, निदान एकदा तरी, अशी सोय रिझर्व्ह बँकेने करून ठेवलीय. फोन करून २० करून घेतली. आता मुदत ९-१० तारखेला येते, पगार आधी. दुसरं, खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय केली. तो फॉर्म भरताना दोन चौकोन होते, "एकूण" आणि "किमान". मोबाइलवर "किमान" वर आधीच टिचकी होती. मी ती काढली, "एकूण" वर टिचकी मारली आणि पोरीकडून दोनदा तपासून घेतली.

यार्डात बातमी लपत नाही. आता लोक विचारायला येतात. हमालांच्या मुकादमाने एटीएममधून कार्डावर रोख काढायचं ठरवलं होतं, त्याला थांबवलं. रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, बिनव्याजी एक तासही नाही, आणि काढण्याची फी वेगळी. एकजण सांगत होता, मुदतीनंतर तीन दिवस चालतं. चालतं, पण ते उशिराच्या फीपुरतं. व्याजाची सूट मुदतीलाच संपते.

परवा शेठच आले. गादीवर बसले, खिशातून काळं चकचकीत कार्ड काढलं, माझ्या मेजावर ठेवलं. त्यांच्या सुनेने घेऊन दिलेलं. म्हणाले, "दिवाणजी, टीव्ही घ्यायचाय मोठा. याचे पन्नास दिवस कधीपासून धरायचे?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढ्यात घेतलं, लाल पेन उघडलं. "बिल किती तारखेला लागतं?"

"पाच."

"मग सहाला घ्या. पण आधी सांगा, मागचं बिल पुरतं भरलंय ना?"

शेठ पंख्याकडे बघायला लागले.